तलावाची पाळ आणि पश्चिमेचे आकाश

भोपाळला समुद्र नाही. सर्वांत जवळची खंबायतची खाडीदेखील येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही संध्याकाळ झाली की या शहरातील माणसे किनाऱ्यावर जातात. आणि ‘किनारा’ हा शब्द ती अगदी सहजपणे, मुंबईकर चौपाटीसाठी वापरावा तसा वापरतात. व्हीआयपी रस्त्याच्या कठड्यावर, श्यामला टेकडीच्या उतारावर, कमला पार्कच्या फरसबंदीवर लोक पश्चिमेकडे तोंड करून उभे राहतात. समोर पाणी, पाण्यापलीकडे टेकड्यांची अंधूक रेघ, आणि त्या रेघेवर उतरणारा सूर्य. कोकणातून भोपाळला आलेल्या एखाद्या पाहुण्यास हा देखावा ओळखीचा वाटतो, त्याचे कारण साधे आहे. येथेही शहर पूर्वेस आहे, पाणी पश्चिमेस आहे आणि सूर्य पाण्याच्या बाजूस मावळतो.

हा योगायोग आहे काय? मला तसे वाटत नाही. मोठ्या तलावाला पाणी पुरविणारी कोलांस नदी सिहोर जिल्ह्यातून पूर्वेकडे वाहत येते. पूर्वेकडे वाहणारी नदी अडवायची तर बांध तिच्या पूर्वेच्या टोकाला घालावा लागतो, आणि पाणी मागे, म्हणजे पश्चिमेस पसरते. बांध जेथे, तेथे वस्ती. कारण पाणी खोल तेथे, आणि बांधाची राखण करावयाची तीही तेथूनच. म्हणून भोपाळ तलावाच्या पूर्व टोकाला वाढले आणि भोपाळकरांच्या वाट्याला मावळता सूर्य आला. डिसेंबरात तो वनविहाराच्या टेकड्यांच्या बाजूस झुकलेला असतो, जूनमध्ये बैरागढच्या अंगाला. वर्षभर त्याचे बिंब या दोन टोकांमध्ये पाण्यावरून येरझारा घालते. या किनाऱ्यावरील जे सौंदर्य आपण निसर्गाच्या खात्यावर जमा करतो, त्याची दिशा कुणा एका अज्ञात बांधकाम करणाऱ्याने ठरविलेली आहे. भोपाळच्या तलावाचा इतिहास वाचताना ही गोष्ट पदोपदी जाणवते, आणि ती नजरेआड झाल्यामुळेच आज या काठाविषयीचे बरेचसे वाद वाकड्या वाटेने जात आहेत, असे माझे मत आहे.

नावापासूनच आरंभ करावा. ‘भोपाळ’ हे ‘भोजपाल’चे रूप आहे असे परंपरा सांगते. काही अभ्यासक ‘भूपाल’ ही व्युत्पत्ती पसंत करतात आणि तो वाद मिटलेला नाही. पण ‘पाल’ म्हणजे बांध हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तळ्याची पाळ, विहिरीची पाळ हे शब्द आपल्या खेड्यांत अजून जिवंत आहेत. भोजाने बांधलेली पाळ ती भोजपाळ. परमार राजा भोज याचा काळ सुमारे १०१० ते १०५५ असा धरतात. धारेत बसून विद्येचा दरबार भरविणारा हा राजा पाण्याच्या कामातही तितकाच रमलेला दिसतो. भोपाळच्या आग्नेयेस सुमारे तीस किलोमीटरांवर भोजपूर येथे त्याचे अपूर्ण राहिलेले शिवमंदिर आहे, आणि त्याच परिसरात बेतवा व कलियासोत या नद्यांवरील प्रचंड दगडी बांधांचे अवशेष आहेत. किनकेड या इंग्रज अधिकाऱ्याने १८८८ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त या अवशेषांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्या लुप्त जलाशयाचा विस्तार अडीचशे चौरस मैलांहून कमी नसावा असा अंदाज दिला. आजच्या मोठ्या तलावाच्या सुमारे वीसपट.

तो जलाशय आज नाही. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने त्याचा बांध फोडला असे सांगतात. गोंडांमधील एका आख्यायिकेनुसार बांध फोडण्यास फौजेला तीन महिने लागले, पाणी वाहून जाण्यास तीन वर्षे, आणि तळाची जमीन वस्तीला योग्य होण्यास तीस. आकडे आख्यायिकेचे आहेत, ते तसेच घ्यावेत. पण मंडीदीप या आजच्या औद्योगिक गावाच्या नावातले ‘दीप’ म्हणजे ‘द्वीप’ असे स्थानिक लोक सांगतात, तेव्हा कारखान्यांच्या त्या सपाट रानावर कधी काळी लाटा येत असतील ही कल्पना मनाला चटका लावून जाते. भोपाळचा मोठा तलाव त्या मानाने लहान भाऊ. पण तो फुटला नाही. कोलांसचे पाणी पूर्वी हलाली नदीला मिळत असे. बांध व सांडवा यांमुळे ते वळून कलियासोतमार्गे बेतव्याला जाऊ लागले. एका मातीच्या बांधाने नदीचे घराणेच बदलले. तो बांध आज कमला पार्काखाली आहे. त्यावर बाग आहे, जुन्या इमारती आहेत, वाहनांची अखंड वर्दळ आहे. आणि रोज त्यावरून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आपण धरणाच्या माथ्यावरून चाललो आहोत याची कल्पना असते.

याच बांधावर गोंड राणी कमलापतीचा महाल आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी, भोपाळ हे अजून संस्थान झाले नव्हते त्या काळची ही वास्तू. आज तिच्या दोन्ही अंगांना पाणी दिसते, परंतु राणीच्या काळात पूर्वेकडचा लहान तलाव नव्हताच. तो १७९४ साली नवाब हयात मुहम्मद खान यांचे दिवाण छोटे खान यांनी बांधविला. राणीच्या खिडकीतून एका बाजूस पाणी आणि दुसऱ्या बाजूस झाडी दिसत असणार. तिच्या जलसमाधीच्या कथा पुष्कळ आहेत आणि त्यांत इतिहास किती हे सांगणे कठीण आहे. पण तलावाच्या काठावर उभे राहून पाण्याकडे पाहणारी पहिली व्यक्तिरेखा म्हणून भोपाळच्या लोकस्मृतीने तिलाच जपले आहे. २०२१ साली हबीबगंज स्थानकाला तिचे नाव दिले गेले.

मराठी माणसाने हा तलाव प्रथम पाहिला तो मात्र सूर्यास्तासाठी नव्हे. १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामाला भोपाळपाशी गाठले. निजामाने किल्ल्याच्या आश्रयाने तळ दिला. त्याच्या एका अंगास तळे आणि दुसऱ्या अंगास ओढा होता, असे ग्रँट डफच्या इतिहासात वाचावयास मिळते. ज्या पाण्याने निजामाला आडोसा दिला त्याच पाण्याने त्याला कोंडूनही टाकले. मराठ्यांनी रसद तोडली, छावणीत धान्याची टंचाई झाली, आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा सराई येथे तह होऊन नर्मदा ते चंबळ या दरम्यानचा मुलूख बाजीरावाला देण्याचे निजामाने मान्य केले. पुढे १८१२-१३ साली नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांनी भोपाळला दीर्घ वेढा घातला. वजीर मुहम्मद खान याने शहर लढविले आणि ते पडले नाही. उपाशी राहिलेल्या त्या शहराला निदान पाण्याची ददात नव्हती, इतके तर्काने म्हणता येईल. आमच्या पूर्वजांच्या लेखी भोपाळचे तळे म्हणजे मोर्चा बांधताना आड येणारी एक बाजू. त्यावर कोणते पक्षी उतरतात हे कोणी लिहून ठेवले असल्यास माझ्या वाचनात आलेले नाही. वेढ्याच्या छावणीत तशी अपेक्षाही करू नये.

तलावाकडे पाठ न करता तोंड करून बांधलेली घरे दिसू लागतात ती बेगमांच्या काळात. कुदसिया बेगमचा गोहर महाल १८२० च्या सुमाराचा, अगदी पाण्याच्या काठावर. याच बेगमेने शहरात तलावाचे पाणी खेळविण्याची व्यवस्था करविली. वाड्याची गच्ची पाण्यावर उघडावी ही कल्पना, आणि तेच पाणी नळाने गल्लीत न्यावे ही कल्पना, एकाच कारकिर्दीशी जोडलेली आहे हे लक्षात घेण्याजोगे आहे. तलावाचे दोन उपयोग, डोळ्यांना आणि घशाला, तेव्हा वेगळे मानले गेले नव्हते.

पक्ष्यांची आणि जनावरांची गोष्ट मात्र निराळी. संस्थानी काळात वन्यजीव पाहणे याचा अर्थ बहुधा बंदुकीच्या नळीवरून पाहणे असाच होता, आणि भोपाळचे राजघराणे शिकारीसाठी ख्यातकीर्त होते. राजकन्या आबिदा सुलतान यांचे आत्मचरित्र त्या जगाचे दर्शन घडविते. मारण्याखेरीज मोजण्यासाठीही पक्षी पाहता येतात, ही दृष्टी या प्रदेशात सालिम अली यांच्यासारख्यांनी आणली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मध्य भारतातील संस्थानांत पक्ष्यांचे सर्वेक्षण केले आणि ह्यू व्हिस्लर यांच्यासह त्याचा वृत्तान्त बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. अर्थात त्यांनाही नमुन्यांसाठी पक्षी टिपावे लागत होतेच. त्या काळी शास्त्राची रीतच ती होती.

१ जून १९४९ रोजी भोपाळ संस्थान भारत सरकारच्या ताब्यात आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. तलावाच्या इतिहासात ही तारीख बांधाच्या तारखेइतकीच महत्त्वाची आहे. जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती. तेथील दप्तरे आली, त्यांच्या मागोमाग दप्तर सांभाळणारी माणसे आली, इंदूर-ग्वाल्हेरहूनही आली. त्यांत मराठी कुटुंबे पुष्कळ होती. अंबाझरीच्या आणि फुटाळ्याच्या काठी फिरणाऱ्या या मंडळींना तळ्याकाठची संध्याकाळ नवी नव्हती, पण इतके पाणी नवे होते. वेढा घालून जे शहर घेता आले नव्हते तेथे सव्वाशे-दीडशे वर्षांनी त्यांच्याच मुलखातील माणसे सरकारी क्वार्टरांत राहू लागली आणि रविवारी मुलांना घेऊन तलावावर जाऊ लागली. इतिहासाचे असे सूड फार सौम्य असतात.

याच काळातले एक नाव येथे घेतलेच पाहिजे. १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर यांनी भोपाळच्या दक्षिणेस भीमबेटकाची चित्रित प्रस्तराश्रये जगापुढे आणली. तशी चित्रे असलेली आश्रयस्थाने खुद्द श्यामला टेकडीवर, आजच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाच्या आवारातही आहेत. या भूमीवर जनावरे न्याहाळण्याची आवड भोजाच्याही हजारो वर्षे आधीची आहे, याचा तो पुरावाच. त्याच आवारात संग्रहालयाने केरळातील घरे उभारून एक ‘किनारी गाव’ मांडले आहे. पठारावरच्या टेकडीवर आणलेले ते समुद्रकाठचे गाव आणि खाली पसरलेले तळे पाहिले की भोपाळला किनाऱ्याची हौस किती जुनी आणि किती खरी आहे ते पटते. शेजारीच चार्ल्स कोरिया यांनी आखलेले भारत भवन आहे. फेब्रुवारी १९८२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. ही इमारत टेकडीवर उभी राहत नाही, ती पायऱ्यापायऱ्यांनी पाण्याकडे उतरते. तलावाकडे पाहण्याची रीत एका वास्तूने शिकवावी, असे उदाहरण आपल्याकडे दुसरे चटकन आठवत नाही.

राजधानीची तहान वाढली तशी तलावाची उंचीही वाढविण्यात आली. १९६५ साली भदभदा येथे अकरा दरवाजांचे धरण झाले. (हे नाव पाण्याच्या आवाजावरून पडले असावे, आपल्या ‘भडभडा’ची आठवण होते.) तेव्हापासून तलावाची पूर्ण पातळी १६६६.८० फूट मानली जाते. हा आकडा भोपाळमध्ये पावसाळ्यात लहान मुलांच्याही तोंडी असतो. दरवाजे उघडले की शहर भदभद्याला लोटते. पूर्ण भरलेल्या तलावाचे क्षेत्र सुमारे ३१ चौरस किलोमीटर, आणि त्याला पाणी देणारे पाणलोट क्षेत्र ३६१ चौरस किलोमीटर. या दुसऱ्या आकड्याकडे कोणाचे सहसा लक्ष जात नाही, कारण तो कोणत्याही कठड्यावरून दिसत नाही.

आणि येथेच या किनाऱ्याच्या दोन टोकांमधला भेद समोर येतो. पूर्वेचे टोक खोल, बांधलेले, माणसांचे. पश्चिमेचे टोक, बिशनखेडी, गोरागाव यांच्या बाजूचे, उथळ, चिखलाचे, पक्ष्यांचे. सूर्यास्त पाहण्यासाठी उभा काठ हवा. पक्ष्यांना मात्र काठच नको असतो. त्यांना हवी असते पाणी आणि जमीन यांच्यामधली अशी पट्टी, की जी जुलैत पाण्याखाली जाते आणि दिवाळीनंतर हळूहळू उघडी पडते. त्या ओल्या गाळात किडे, गोगलगाई, कंद, कोवळे गवत मिळते. हिवाळ्यात येथे पट्टकादंब हंस उतरतात, चक्रवाक आणि नाना जातींची बदके येतात. चित्रबलाक, मुग्धबलाक, चमचे उथळ पाण्यात चोची चालवीत फिरतात. जांभळ्या पाणकोंबड्या वेलींमध्ये पळापळ करतात. सारस तर येथले मानकरी. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यत्वे गोंदियाच्या तलावांच्या प्रदेशात, मोजक्याच संख्येने उरला आहे. तेथील तळीही कोहळी समाजाने आणि गोंड राजवटीने निर्माण केलेली, म्हणजे मानवनिर्मितच. जगातील सर्वांत उंच उडणारा पक्षी, उंच म्हणजे उभा राहिला असता माणसाएवढा, माणसाने अडविलेल्या पाण्याच्या उथळ कडेवर आणि भाताच्या बांधीत संसार थाटतो. निसर्ग आणि मानवी उद्योग यांची काटेकोर वाटणी करणाऱ्यांनी या पक्ष्याकडे जरूर पाहावे.

तलावाच्या दक्षिण काठावरील वनविहार १९८३ साली राष्ट्रीय उद्यान झाले. क्षेत्र अवघे साडेचार चौरस किलोमीटरांच्या आसपास, आणि तेही पूर्वी दगडाच्या खाणींनी खरवडलेले. आज तेथे रस्त्याच्या एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला चितळांचे कळप दिसतात. ऑगस्ट २००२ मध्ये दोन्ही तलाव मिळून ‘भोज पाणथळ’ या नावाने रामसर यादीत गेले. त्याच सुमारास, १९९५ पासून २००४ पर्यंत, जपानी कर्जाच्या साहाय्याने तलाव-संवर्धनाचा मोठा प्रकल्प चालला. गाळ काढला गेला, सांडपाणी वळविण्याची कामे झाली, झाडे लावली गेली, आणि काठाने रस्ते बांधले गेले. व्हीआयपी रस्त्याने शहराला त्याचे आजचे पश्चिमेचे आकाश दिले हे नाकारता येणार नाही. पूर्वी वाडेवाल्यांच्या गच्चीवरून दिसणारा देखावा त्या रस्त्यामुळे सायकलवाल्यालाही मिळाला. ही काही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्याच रस्त्याने एक समजूतही रुजविली, की तलाव जेथे कठड्याला लागतो तेथे तो संपतो, आणि कठडा जितका लांब तितका तलाव सुरक्षित. ही समजूत पूर्वेच्या टोकाला निरुपद्रवी आहे. पश्चिमेच्या टोकाला ती घातक ठरू शकते, कारण तेथे तलावाला एकच एक कड नाहीच.

२००८ चा पाऊस कमी झाला आणि २००९ च्या उन्हाळ्यात तलाव इतका आटला की शाह अली शाह यांचा दर्गा असलेल्या तकिया बेटावर लोक पायी जाऊ लागले. भोपाळकर कुदळ-फावडी घेऊन गाळ उपसायला उतरले. ते श्रमदान मनापासून होते यात शंका नाही. पण तलावाचा तळ उघडा पडलेला पाहणे हा शहराच्या दृष्टीने त्याहून मोठा धडा होता. देखावा म्हणून गृहीत धरलेली वस्तू प्रत्यक्षात दरवर्षीच्या पावसाचा आणि दूरच्या शेतांतून, नाल्यांतून वाहत येणाऱ्या पाण्याचा हिशेब आहे हे तेव्हा डोळ्यांनी दिसले. २०११ मध्ये भोजाचा पुतळा पाण्यात उभा राहिला आणि तलावाचे नाव ‘भोजताल’ करण्यात आले. मला स्वतःला नामांतराचे फारसे कौतुक नाही. ‘बडा तालाब’ हे नाव लोकांनी ठेवलेले होते आणि ते पुरेसे होते. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या भोपाळ येथील पीठाने तलावातील क्रूझ आणि यंत्रचलित बोटी बंद करण्याचा आदेश दिला. त्यावर ‘आता पर्यटकांनी करायचे काय’ असा प्रश्न विचारला गेला, जणू पाण्याकडे पाहण्याला इंजिन लागते.

जानेवारी २०२४ मध्ये भारताने इंदूर, उदयपूर आणि भोपाळ या तीन शहरांची नावे रामसर करारांतर्गत ‘पाणथळ शहर’ या मान्यतेसाठी सुचविली. २०२५ च्या जानेवारीत ती मान्यता इंदूर आणि उदयपूर यांना मिळाली. त्या यादीत भोपाळचे नाव नव्हते. होळकरांच्या इंदुरात सिरपूरचा तलाव आहे, तोही बांधलेलाच, आणि मोठ्या तलावाच्या तुलनेत अगदी लहान. तळी फक्त भोपाळची, बाकीच्या साऱ्या तळ्या, अशा आशयाची म्हण मिरविणाऱ्या शहराला हे थोडे लागले असावे.

दरम्यान पश्चिमेच्या टोकाला वर्षाचे काम नेमाने चालू असते. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या काळ्या जमिनीत जवळच्या गावांतील शेतकरी रब्बीचा पेरा करतात. ती जमीन तलावाची की शेताची, याचा निवाडा कागदावर पूर्ण पातळीच्या रेषेने होतो, आणि ती रेषा दाखविण्यासाठी ठिकठिकाणी खुणेचे खांब रोवलेले आहेत. काही खांब पिकात उभे असतात, काही बेशरमाच्या झुडपांत हरवलेले. सारसांची जोडी त्यांच्या दोन्ही बाजूंनी चरते. पुढच्या जुलैत कोलांसला पूर आला की पाणी पुन्हा त्या खांबांपर्यंत येते. आणि सात-आठ मैल पूर्वेला, भदभद्यावर, लोक दरवाजे उघडण्याची वाट पाहत उभे असतात.